पितृपक्ष लागला की शिंका, दिवाळी सरली की बंद! ऋतू बदलतानाच्या ॲलर्जीवर तुम्हाला कशाचा उपयोग झाला?

रानजाई, पुणे

गेली नऊ वर्षं माझं हे ठरलेलं आहे. गणपती जातात, पितृपक्ष लागतो आणि एके दिवशी पहाटे साडेपाचला टाळूला बारीक खाज सुटते. मग शिंका. मी मोजल्यात, एका दमात बावीस. पाठोपाठ नाकातून नुसतं पाणी, डोळे लाल, कानाच्या आत खाज. टाळूला जीभ घासत बसायचं. दहाच्या सुमारास जरा ओसरतं, तोवर स्वयंपाक, डबे आणि ऑफिसची बस या सगळ्यात मी रुमाल हातात धरून फिरत असते. आकाशकंदील उतरवला की आठवड्याभरात सगळं आपोआप थांबतं.

पहिली पाच वर्षं मी याला सर्दीच समजत होते. जवळच्या दवाखान्यात जायचं आणि दर खेपेला अँटिबायोटिक घेऊन यायचं. ताप कधी नव्हता, शेंबूड कधी पिवळा झाला नाही, तरी दरवर्षी याच महिन्यात कसं होतं हे कुणी विचारलं नाही. शेवटी मीच भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला लागले. तीन वर्षांची पानं शेजारी ठेवली तेव्हा खुणा जवळपास एकाच पंधरवड्यात सुरू झालेल्या दिसल्या.

माझं मी काढलं असतं. पण आता मुलाला सुरू झालंय. अकरा वर्षांचा आहे. दिवसभर तळहाताने नाक खालून वर चोळतो, त्यामुळे नाकावर आडवी रेघ उमटलीय. डोळ्यांखाली काळं झालंय. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो आणि सकाळी थकलेलाच उठतो. सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत.

कृपा करून आपापले अनुभव लिहा. काय केलं, किती दिवस केलं, फरक पडला का. ज्याचा उपयोग झाला नाही तेही लिहा, तेवढंच महत्त्वाचं आहे.

घाटमाथा, पुणे

रानजाई, तुमचा महिना टेकडीच्या महिन्याशी तंतोतंत जुळतो. पाऊस ओसरला की उतारावरची गवतं तुऱ्यावर येतात. मारवेल, पवन्या, कुसळी, सगळीच. सकाळी ऊन चढताना एखाद्या तुऱ्याला बोटाने टिचकी मारून बघा, पिवळसर धूर उडाल्यासारखा दिसतो. ते परागकण. गवताला फुलपाखरं-मधमाश्यांची गरज नसते, वाऱ्यावरच सगळा कारभार, म्हणून पराग हलका आणि भरमसाट.

दुसरं गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात. मोकळे प्लॉट, नदीकाठ, बांधकामाच्या मागची जागा, जिथे जमीन उघडी तिथे ते. १९५० च्या दशकात ते भारतात पहिल्यांदा पुण्यातच नजरेत भरलं, अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणलेले पानं खाणारे भुंगे बंगळूरला सोडले, ते पसरलेही, पण गवत हटलेलं नाही. शिंका तर येतातच, शिवाय उघड्या हातांनी उपटलं तर अनेकांना कातडीवर चट्टे उठतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. सोसायटीच्या मागे असेल तर फुलं यायच्या आधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच, हातमोजे घालून मुळासकट काढून घ्या. ज्याला त्रास आहे त्याने या कामाला जाऊ नये.

सप्तपर्णीबद्दल एक सांगतो, कारण ऑक्टोबरात सगळा राग तिच्यावर निघतो. तिचा वास उग्र असतो, संध्याकाळी डोकं धरतं आणि ज्यांचं नाक आधीच हुळहुळं झालंय त्यांना तो वास सोसत नाही, हे खरं. पण तिच्या फुलांवर किडे येतात, गवतासारखा परागांचा धुरळा ती वाऱ्यावर सोडत नाही. तिच्यावर कुऱ्हाड चालवून तुमच्या पहाटेच्या बावीस शिंका थांबतील असं मला वाटत नाही.

माई_कोल्हापूर

रानजाई बाळ, तुझ्या लेकाचं वाचून जीव कळवळला. माझ्या धाकट्याचं असंच होतं. आमच्याकडे ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला देत, रात्री झोपताना नाकपुडीला आतून करंगळीने साजूक तूप लावत, आणि सुंठ-गूळ-तुपाची गोळी सकाळी अनशापोटी. बरा झाला असं म्हणणार नाही मी, पण रात्रीची झोप लागायची. वाफारा मात्र जपून दे. आमच्या शेजारी पातेलं उलटून पोरीची मांडी भाजली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

निशिगंध, सातारा जिल्हा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी वीस वर्षं प्रॅक्टिस करते. या महिन्यात माझ्या ओपीडीतले निम्मे पेशंट असेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे वाचून आपापल्या डॉक्टरांशी बोला, इथून औषध सुरू करू नका.

रानजाई, तुम्ही कॅलेंडरवर खुणा केल्यात ते सगळ्यात मोलाचं काम झालं. ताप नाही, स्राव पाण्यासारखा, खाज आणि शिंकांचा सपाटा, ठरलेला महिना, एवढं सांगितलं तर बहुतेक वेळा तपासणीच्या आधीच निदान होतं. खाज हा मोठा धागा आहे. साध्या सर्दीत नाक-डोळे-टाळू असे खाजत नाहीत. आणि यात अँटिबायोटिकचा काही संबंध नाही, कारण मारायला जंतूच नसतो. शरीर निरुपद्रवी परागाला शत्रू समजून हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, पुढचं सगळं त्याचं.

गोळ्यांपैकी सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन या नव्या पिढीतल्या. खाज, शिंका, पाणी यावर चांगल्या. सेटिरिझिनने काहींना गुंगी येते, म्हणून रात्री घ्यायला सांगतात. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेऊ नका, ती नीट शोषली जात नाही, साध्या पाण्यानेच घ्या. मेडिकलमधून 'सर्दीची गोळी द्या' म्हणून आणता तिच्यात बहुधा जुनी क्लोरफेनिरामिन असते. तिने चांगलीच झोप येते. ती घेऊन दुचाकी चालवू नका, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलाला तर देऊच नका.

पण नाक चोंदणं गोळीने फारसं सुटत नाही. त्यासाठी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन या जातीचा. 'स्टिरॉइड' शब्द ऐकून लोक घाबरतात. हा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, काम नाकाच्या अस्तरावर करतो आणि रक्तात फार थोडा जातो. मुलांनाही वयानुसार देता येतो, उंचीवर लक्ष ठेवून आणि लागेल तेवढ्याच कमी डोसात. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पेशंट तीन दिवस स्प्रे मारतात, 'काही फरक नाही' म्हणून कपाटात ठेवून देतात. त्याचा पूर्ण परिणाम यायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि तो रोज मारायचा असतो, फक्त त्रास झाला की मारायचा असं नसतं. महिना ठरलेला असेल तर त्रास सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीच सुरू करावा.

आणि मारायची पद्धत. दहातले आठ जण माझ्यासमोर चुकीचा मारून दाखवतात. डोकं मागे टाकतात, नळी सरळ मधल्या पडद्यावर रोखतात आणि जोरात हुंगतात. औषध घशात उतरतं, तोंड कडू होतं, पडद्याला जखम होऊन रक्त येतं. त्याऐवजी नाक आधी हलकं शिंकरून घ्या. बाटली हलवा. हनुवटी किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळते. दाबताना हळू श्वास, फुलाचा वास घेतो तेवढाच. घशात कडू लागलं नाही म्हणजे बरोबर बसला.

नाक लगेच मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, हे वेगळं प्रकरण आहे. पाच मिनिटांत जादू वाटते. तीन ते पाच दिवसांपलीकडे गेलात की नाक त्याशिवाय उघडतच नाही. माझ्याकडे सात वर्षं उशीखाली बाटली ठेवून झोपणारे गृहस्थ आले होते. ती सवय सोडवताना त्यांना किती त्रास झाला ते मी पाहिलंय.

'एक इंजेक्शन घ्या, सीझनभर सुट्टी' असं कुणी म्हटलं तर ते बहुधा दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड असतं. ते सगळ्या शरीरात जातं. साखर वाढते, हाडांवर परिणाम होतो. ॲलर्जीच्या नाकासाठी ते घेऊ नये.

माई_कोल्हापूर

डॉक्टर बाई, तुपाचं काय ते सांगा ना. चुकीचं असेल तर सोडते.

निशिगंध, सातारा जिल्हा

माई, सोडू नका. नाकपुडीच्या कडेला स्निग्ध बोट फिरवलं तर थोडा पराग तिथेच चिकटतो. फक्त पातळ लेप, नाकाच्या तोंडाशीच. ओव्याने, वाफेने ॲलर्जी जात नाही पण चोंदलेलं नाक तात्पुरतं बरं वाटतं. वाफेचं पातेलं मुलांच्या पुढ्यात ठेवूच नये, भाजण्याचं कारण म्हणून ते आमच्या चांगलंच ओळखीचं आहे. आणि पुरचुंडीत कापूर घालत असाल तर दोन वर्षांखालच्या बाळाजवळ नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात.

सूर्यभेदन, ठाणे

मला सगळ्यात जास्त फायदा जलनेतीचा झाला. सहा वर्षं करतोय. पराग नाकात जाणारच, तो संध्याकाळी धुऊन काढायचा, इतकं साधं आहे. एक कप, म्हणजे साधारण २४० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा साधं मीठ. आयोडीनचं मीठ चुरचुरतं, त्यामुळे मी बिनआयोडीनचं वापरतो, वर चिमूटभर खायचा सोडा. पाणी नुसतं घेतलं तर नाक झोंबतं, मीठ योग्य असलं की काहीच जाणवत नाही. मान वाकवून, तोंडाने श्वास घेत, वरच्या नाकपुडीत धार सोडायची, खालच्या नाकपुडीतून आपोआप येते. नंतर पुढे वाकून हलके उच्छ्वास टाकून पाणी काढायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरायचं नाही, पाणी कानाकडे जातं.

आता कळकळीने एक. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं नाही, बोअरचं नाही, टाकीचं तर नाहीच. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केल्यावर दोन माणसं मेंदूत अमिबा शिरून दगावली. तो अमिबा पाणी प्यायल्याने काही करत नाही, नाकातून वर गेला तरच मारतो. मी सकाळी चहाच्या आधी पातेलीभर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवतो, संध्याकाळी तेच. लोटाही त्याच पाण्याने धुतो आणि उपडा वाळवतो.

स्प्रे आणि नेती दोन्ही करत असाल तर आधी नेती, मग स्प्रे. उलट केलंत तर औषध धुऊन जातं.

वाडीवरचा, लातूर

वाचतोय सगळं. आमच्याकडं फुलाबिलाचं नाही, सोयाबीनचं हाय. दसऱ्याच्या आगंमागं काढणी, मग मळणीयंत्र. यंत्राच्या तोंडाशी उभं राहिलं की भुसकटाचा लोट अंगावर येतो. वडील बासष्टचे. दरसाल मळणी झाली की चार-पाच दिवस शिंका, डोळ्याला पाणी, अन् रात्री छातीत कुई-कुई वाजतंय. बसून झोपतात. आम्ही म्हणायचो धूळ गेली. गूळ खायला द्यायचो. औंदा पायऱ्या चढताना थांबायला लागले तवा भ्या वाटलं. तालुक्याला दाखवलं तर पंप लिहून दिला. वडील म्हणतात पंप लागला की सुटत नाही, माणूस त्याच्यावरच राहतो. काय करावं?

निशिगंध, सातारा जिल्हा

दादा, तुमच्या वडिलांचं उत्तर आधी देते, बाकीचे थांबतील.

रात्री छातीत शिट्टी वाजणं, बसून झोपावं लागणं, चढताना दम लागणं, हा दमा असू शकतो. नाक आणि फुप्फुस हा एकच रस्ता आहे, दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचीही ॲलर्जी असते. सोयाबीनच्या धुळीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात ठरावीक दिवशी एकदम बरेच लोक धापा टाकत दवाखान्यात यायचे. बरीच वर्षं कुणाला कळेना. शेवटी उलगडलं की बंदरात सोयाबीनचं जहाज उतरवलं जायचं त्याच दिवशी हे होतं, दाण्याच्या टरफलाची धूळ वाऱ्याने शहरावर जायची. कोठारावर धूळ अडवणारे फिल्टर बसवल्यावर ते प्रकार थांबले. तुमचे वडील तर त्या लोटाच्या तोंडाशी उभे असतात.

पंपाची सवय लागत नाही. पंप दोन जातीचे. एक लगेच श्वास मोकळा करणारा, सालब्युटामॉलचा. दुसरा सूज उतरवणारा, तो रोज घ्यायचा. लोक पहिलाच सारखा ओढतात आणि दुसरा बंद करतात, मग दमा आतून वाढत जातो. औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं कारण ते जिथे हवं तिथेच जातं. फुप्फुसाची फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. वयाच्या मानाने हृदयही एकदा तपासा, कारण रात्री बसून झोपावं लागणं हे हृदयाच्या दुखण्यातही होतं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायला सांगा. आणि बोलताना एक वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा पंप घेऊनही दम थांबला नाही, तर सकाळची वाट बघू नका, त्याच घटकेला गाडी काढा.

पुढच्या मळणीला वडिलांना यंत्रापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा. तोंडाला पंचा बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क घ्या, तालुक्याला मेडिकलमध्ये मिळतो.

वाडीवरचा, लातूर

आभारी हाय डॉक्टर ताई. वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

दक्षिणवारा, मेलबर्न

नाक आणि फुप्फुस एकच रस्ता, या निशिगंध ताईंच्या मुद्द्याला जोडून लिहिते. इथे राय गवताचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. २१ नोव्हेंबर २०१६ ला दिवसभर ३५ अंशांचं ऊन होतं आणि संध्याकाळी वादळ आलं. वादळाने गवताचा पराग वर ओढला, तो ओलाव्याने फुटून त्याचे बारीक कण झाले आणि थेट छातीत उतरले. एका रात्रीत हजारो लोक दवाखान्यांत, दहा माणसं गेली. त्यांत असे अनेक होते ज्यांना तोवर फक्त शिंका यायच्या, दमा कधी झालाच नव्हता. भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाणही लक्षात येण्याइतकं जास्त होतं. आम्ही नव्याने आलेलो, पहिली दोन वर्षं काही होत नाही, मग गवत ओळखीचं होतं आणि त्रास सुरू होतो. माझं तिसऱ्या वर्षी झालं.

आता इथे हंगामात वादळी दम्याचा अंदाज रोज जाहीर होतो. लाल दिवस असला की मी खिडक्या लावून घरात राहते आणि पंप पर्समध्ये असतोच. इथे शिकायला येणाऱ्या भाचे-पुतण्यांना कृपया हे सांगा. शिंका येत असतील तर येण्याआधीच दाखवून या.

ओंजळभर, न्यू जर्सी

आमच्याकडे ऑगस्टच्या मध्यापासून पहिल्यांदा दव गोठेपर्यंत रॅगवीड नावाचं तण. मला तर इथे पहिल्याच वर्षी त्रास झाला, तेव्हा कळलं की ते गाजर गवताच्या कुळातलंच आहे. ज्यांचं शरीर एकाला बिथरतं ते दुसऱ्यालाही बिथरू शकतं. मी सांगलीची, लहानपणी शेताच्या बांधावर गाजर गवतातच खेळलेली.

तिन्हीसांज, नाशिक

मुलांच्या आयांसाठी लिहितेय. माझा मुलगा आठ वर्षांचा. ॲलर्जीसाठी लेव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट एकत्र असलेली गोळी दोन महिने चालू होती. दुसऱ्या आठवड्यापासून तो रात्री किंचाळून उठायचा. दिवसा चिडचिड, एकदा म्हणाला, 'आई, मला काहीच नको वाटतं.' आम्ही शाळेत काही झालं का म्हणून बाईंना भेटून आलो. गोळीचं कुणाच्या मनातच आलं नाही, लिहून देतानाही काही सांगितलं नव्हतं. बहिणीने विचारलं म्हणून डॉक्टरांशी बोलून बंद केली, दहा दिवसांत स्वप्नं थांबली. आठ वर्षांच्या पोराचं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

निशिगंध, सातारा जिल्हा

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने माँटेलुकास्टवर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. भयाण स्वप्नं, चिडचिड, उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी दुसऱ्या औषधांनी भागत नसेल तरच ते द्यावं, असंही तेव्हा सांगितलं. आपल्याकडे ही जोडगोळी सर्दीच्या गोळीसारखी सर्रास लिहिली जाते. दम्यासाठी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पण घरातल्यांनी मुलाच्या झोपेवर आणि वागण्यावर डोळा ठेवायलाच हवा.

चाफेकळी, डोंबिवली

मी रक्ताची मोठी तपासणी केली. त्यात दूध, गहू, वांगी, तूरडाळ, मिळून एकतीस पदार्थ वर्ज्य आले. चार महिने भात आणि दुधी खाऊन काढले. सात किलो वजन उतरलं, शिंका तेवढ्याच. पाळू की सोडू?

निशिगंध, सातारा जिल्हा

तुमचा रिपोर्ट आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडाचा असेल तर तो अन्नाची ॲलर्जी दाखवतच नाही, खाल्लेलं शरीराच्या ओळखीचं आहे एवढंच सांगतो. आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाचा असला तरी नुसता आकडा म्हणजे आजार नव्हे. वांगी खाऊन तुम्हाला कधी पित्त उठलं नसेल, ओठ सुजले नसतील, तर ती सोडायचं कारण नाही. पण रिपोर्ट घेऊन ॲलर्जीच्या जाणकाराला दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार आहार पुन्हा सुरू करा. ऋतूच्या नाकाचा वांग्याशी संबंध नसतो. खरी उपयोगी ती हातावरची टोचणी, प्रिक टेस्ट. पराग, धुळीतले किडे, बुरशी यांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही.

अरण्यवाट, मुंबई

प्रिक टेस्टनंतर मी इम्युनोथेरपी घेतली, लसीसारखी इंजेक्शनं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, एकूण चार वर्षं. दर वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवायचे, कारण क्वचित जोरदार प्रतिक्रिया येऊ शकते. पहिल्या वर्षी वाटलं पैसे वाया गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गोळ्या निम्म्यावर आल्या. कोर्स संपून तीन वर्षं झाली, ऑक्टोबरात मी आता रोज बाहेर पळायला जातो. धीर असेल आणि नेमका शत्रू सापडला असेल तरच या वाटेला जा. घरी कुणी इंजेक्शन देतो म्हणाला तर नको म्हणा.

घाटमाथा, पुणे

दिवाळीच्या आवराआवरीबद्दल राहिलं. माळ्यावरची धूळ आणि टेकडीचा पराग एकाच पंधरवड्यात नाकावर येतात. ज्याला त्रास आहे त्याने माळा काढू नये, घरच्यांनी काढावा, आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावं. पावसाळाभर दमट राहिलेल्या गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाका, पण चादरी आणि अंगावरचे कपडे या महिन्यात गॅलरीत न वाळवता घरात वाळवा, नाहीतर रात्री उशीवर तोच पराग. बाहेरून आल्यावर केसांवरून पाणी घ्यावं. डोक्यात पराग घेऊन आपण झोपतो.

रानजाई, पुणे (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. तपशील लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

मुलाला तज्ज्ञांना दाखवलं. स्प्रे सुरू केला. पहिले पाच दिवस काही नाही आणि माझा हात खरंच बाटली ठेवून द्यायला निघाला होता, निशिगंध ताईंचं वाक्य आठवून थांबले. नवव्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर खोलीत शांतता होती. वाकून बघितलं, तोंड मिटून झोपला होता. कितीतरी दिवसांनी त्याला असं झोपलेलं पाहिलं. नाकावरची रेघ अजून आहे, फिकी झालीय. आता उलट्या हाताने मारायचं तोच मला शिकवतो.

माझं स्वतःचं तंत्रही चुकीचं निघालं, मी चार वर्षं पडद्यावरच मारत होते. नेती सुरू केली, पाणी उकळून. सकाळी सातपर्यंत टेकडीकडच्या खिडक्या बंद. शिंका बावीसवरून सहा-सातावर आल्यात, त्याही रोज नाहीत. टोचणीची तपासणी डिसेंबरात आहे. पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयावर गौरी विसर्जनाच्या चौकोनात 'स्प्रे सुरू' असं लाल शाईने लिहायचं ठरवलंय.

घाटमाथा, एक विचारायचं होतं. मला फेब्रुवारीतही आठ-दहा दिवस त्रास होतो, तेव्हा तर गवत वाळलेलं असतं. आमच्या इमारतीमागे एक उंच झाड आहे, ते तेव्हा पूर्ण निष्पर्ण असतं.

घाटमाथा, पुणे

खाली चपट्या, गोल, पापडीसारख्या बिया पडतात का, मधे दाणा आणि भोवती पातळ पंख? मग तो वावळ. पानं झडल्यावर नुसत्या काड्यांवर बारीक हिरवट-तपकिरी फुलं येतात, लांबून दिसतही नाहीत, आणि त्याचा पराग वाऱ्याने पसरतो. ॲलर्जीसाठी तो चांगलाच बदनाम आहे. डिसेंबरच्या तपासणीत वावळाचा थेंब ठेवायला आवर्जून सांगा. जानेवारीच्या मध्यापासून रोज वर बघत जा. पानं झडून फांद्यांवर बारीक गाठी दिसायला लागल्या की सांगा, मी येऊन झाड ओळखून जातो.